आचरेकर, रमाकांत विठ्ठल

(१९३२–२ जानेवारी २०१९). प्रसिद्ध भारतीय क्रिकेट-प्रशिक्षक व मुंबईतील क्लब-क्रिकेटमधील खेळाडू. जन्म मालवण (जि. सिंधुदुर्ग) येथे. प्रथम श्रेणीचा केवळ एकच सामना त्यांच्या नावावर आहे. तथापि सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर इ. अनेक कसोटीपटू त्यांच्या हाताखाली तयार झाले. द्रोणाचार्य पुरस्कार (१९९०) व पद्मश्री (२०१०) ह्या सन्मानांचे ते मानकरी होते. दादरच्या शिवाजी पार्क मैदानाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असले, तरी त्यांचा जन्म व आडनाव ही दोन्ही कोकणच्या दक्षिण किनाऱ्यावरची आहेत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये कोकणातून आलेल्या कुटुंबांचा वाटा कोणत्या मार्गाने निर्माण झाला, हे समजून घेण्यास त्यांचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते.

जन्मभूमी व आडनाव : आचरेकरांच्या जन्माच्या वेळी मालवण हे तत्कालीन मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव व बंदर होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि मालवण तालुका त्यात समाविष्ट झाला. जिल्ह्यास ज्याच्यावरून नाव मिळाले, तो सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोरील कुरटे बेटावर आहे. त्याच्या बांधकामास शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आरंभ केला. जांभ्या दगडाची जमीन, तीवर पावसाळ्यात पिकणारे भाताचे एकच पीक, नारळी-पोफळीच्या बागा आणि रापणीची मासेमारी ही ह्या किनारपट्टीवरील उपजीविकेची पारंपरिक साधने होत. वाढत्या कुटुंबास ती पुरेशी पडत नसत. घरटी एकदोन माणसे मुंबईस नोकरीस आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर गावचे घर, अशी व्यवस्था त्यामुळे रूढ झाली होती.

‘आचरेकर’ हे आडनाव मालवणच्या उत्तरेस, त्याच तालुक्यात असलेल्या आचरे (आचरा) ह्या गावावरून पडलेले आहे. हे गाव रामेश्वराच्या देवस्थानासाठी आणि ‘गावपळण’ ह्या प्रथेसाठी प्रसिद्ध आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सर्व गावकरी गुराढोरांसह तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहतात आणि पुन्हा कौल मिळाल्यावर घरी परततात. गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनाव बनविण्याची पद्धत कोकणात व गोव्यात सर्वत्र आढळते. मुंबईच्या संघांच्या धावपत्रकांवर मांजरेकर, वाडेकर, सोलकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, आगरकर अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, त्यांमागे ही पद्धत आहे. अर्थात अशा आडनावावरून खेळाडूचे जन्मस्थान ठरविता येत नाही. ते पूर्वजांच्या गावाचे निदर्शक असते. बहुतेकांचा जन्म व शिक्षण मुंबईतच झाले. दिलीप वेंगसरकर (जन्म राजापूर, १९५६) आणि रमाकांत आचरेकर ह्यांच्यासारखी प्रत्यक्ष कोकणात जन्मलेली माणसे त्यांत थोडी आहेत.

स्थलांतराची पार्श्वभूमी : १९३०–४० च्या दशकांत मालवणहून मुंबईस जाण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचा होता. किनाऱ्यालगत चालणाऱ्या आगबोटी वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत मुंबईच्या धक्क्यास लागत. मालवणसारख्या ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही व उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मग घाटमार्गे कोल्हापूरकडून जाण्यावाचून गत्यंतर नसे. ह्या बोटींनी मुंबईस गेलेला माणूस गावी ‘चाकरमानी’ म्हणून ओळखला जाई. लालबाग, परळ, गिरगाव, दादर, माहीम ह्या भागांतील चाळींमध्ये त्याची वस्ती होई आणि गिरण्या, गोदी, रेल्वे, छापखाने, पेढ्या व सरकारी कचेऱ्या ही त्याची नोकरीची ठिकाणे असत. शिमगा, गणपती व गावची जत्रा एवढ्यापुरता तो परत येई. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होईपर्यंत (१९९८) ह्या प्रवासाचे स्वरूप बिकटच राहिले.

त्या काळी क्रिकेटची मैदाने, क्लब व नियमित स्पर्धा ह्यांची सोय मुंबईत होती. मालवणच्या किनाऱ्यावर ती नव्हती. कोकणात जन्मलेल्या मुलास ह्या खेळाची शिस्तबद्ध ओळख व्हावयाची, तर ती मुंबईतच होणे शक्य होते. आचरेकरांच्या बाबतीत हेच घडले. १९४३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, ते क्रिकेट खेळू लागले आणि १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब ह्या माटुंग्याच्या संस्थेच्या संघातून त्यांनी क्लब-क्रिकेटमध्ये पदार्पण केले.

खेळाडू म्हणून कारकीर्द : न्यू हिंदनंतर आचरेकर यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स व मुंबई पोर्ट ह्या संघांकडून खेळले आणि पुढे अखिल भारतीय स्टेट बँकेच्या संघात त्यांची निवड झाली. ही नावे क्रमाने वाचली असता एक गोष्ट लक्षात येते. वस्तीतील तरुणांचा क्लब, कापडगिरणी, बंदर आणि बँक ही जी स्थाने कोकणातून मुंबईस आलेल्या पिढीच्या उपजीविकेची होती, तीच तिच्या क्रिकेटचीही होती. मुंबईतील गिरण्या, बँका व व्यापारी संस्था आपापले संघ बाळगीत; टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा अशा कार्यालयीन संघांसाठीच होत्या. घरी शेतीवाडीचे उत्पन्न वा वडिलार्जित संपत्ती नसलेल्या तरुणास दिवसभर मैदानावर घालविणे परवडत नसे. नोकरी देणाऱ्या संस्थेच्याच संघातून खेळावयास मिळाल्यास मात्र ही अडचण दूर होई. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या क्रिकेटमध्ये मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने आली, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

आचरेकरांचा प्रथम श्रेणीचा एकमेव सामना १९६३ मध्ये झाला. मोईन-उद्-दौला सुवर्णचषक स्पर्धेत अखिल भारतीय स्टेट बँकेच्या संघाकडून ते हैदराबादविरुद्ध खेळले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या पुढे गेले होते. रणजी करंडकाच्या स्पर्धेत मुंबईच्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही. हा काळ मुंबईच्या निर्विवाद वर्चस्वाचा होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला. अशा संघात प्रवेश मिळविण्यासाठी क्लब-क्रिकेटमधील चांगल्या खेळाडूंनाही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि बहुतेकांच्या वाट्याला ती संधी येतच नसे. अंगी गुण असून दार न उघडलेल्या खेळाडूंचा एक मोठा वर्ग ह्यातून तयार झाला. त्यांतील कित्येक पुढे पंच, गुणलेखक, क्लबचे कार्यवाह व प्रशिक्षक झाले. मुंबईच्या क्रिकेटचा पाया ह्या वर्गाने सांभाळला आणि आचरेकर हे त्याचे सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी होत. काही काळ त्यांनी मुंबई संघाच्या निवड समितीवरही काम केले.

शिवाजी पार्क व कामत मेमोरियल क्लब : दादर-माहीम भागातील सुमारे २८ एकरांचे शिवाजी पार्क हे मैदान मुंबई महानगरपालिकेने १९२५ मध्ये नागरिकांसाठी खुले केले. आरंभी ते माहीम पार्क ह्या नावाने ओळखले जाई. १९२७ मध्ये त्यास शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. दक्षिण मुंबईतील जिमखान्यांप्रमाणे त्याभोवती सभासदत्वाची कुंपणे नव्हती. एकाच मैदानावर अनेक क्लबांचे तंबू व खेळपट्ट्या असून शेजारीशेजारी एकाच वेळी कित्येक सामने चालतात. एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील फलंदाजाच्या पाठीशी उभा असलेला येथे सहज दिसतो. ह्या मैदानावर आचरेकरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लबची स्थापना केली. तेथे नाममात्र शुल्क घेऊन मुलांना शिकविले जाई आणि ज्यांना तेही देणे शक्य नसे, अशांनाही दूर केले जात नसे. पुढे त्यांच्या कन्येने ह्या क्लबचे काम सांभाळले.

शिक्षणपद्धती : आचरेकरांनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला नाही. शिष्यांच्या आठवणींतून आणि विशेषतः तेंडुलकर ह्यांच्या आत्मचरित्रातून तिची रूपरेषा स्पष्ट होते. ह्या पद्धतीची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) सामन्यांवर भर : जाळ्यातील (नेटमधील) सरावापेक्षा प्रत्यक्ष सामना हा अधिक चांगला शिक्षक आहे, असे त्यांचे मत होते. जाळ्यात फलंदाज बाद झाला, तरी तो पुढचा चेंडू खेळतोच. चूक आणि तिचा परिणाम ह्यांचा संबंध तेथे जोडला जात नाही. सामन्यात एका चुकीमुळे डाव संपतो. शिवाय कोठे क्षेत्ररक्षक नाही, धाव केव्हा चोरावी, दमलेल्या गोलंदाजावर केव्हा तुटून पडावे, हे निर्णय सामन्यातच घ्यावे लागतात. म्हणून ते निरनिराळ्या शाळा व क्लब ह्यांच्याशी सतत सरावाचे सामने ठरवीत आणि ठरावीक क्रमांक न ठेवता होतकरू मुलास चौथ्या क्रमांकावर फलंदाजीस पाठवीत. तेंडुलकर ह्यांनी पहिल्याच उन्हाळी सुटीत साठ दिवसांमध्ये असे पंचावन्न सामने खेळल्याची नोंद केली आहे. एका मैदानावरील डाव संपला, की विद्यार्थ्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून ते दुसऱ्या मैदानावर नेत व तेथे पुन्हा फलंदाजीस उतरवीत.

(२) यष्टीवरील नाणे : दिवसाच्या अखेरीस मुले थकलेली असताना आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज फलंदाजास बाद करील, त्याला ते नाणे मिळे. शेवटपर्यंत नाबाद राहिल्यास ते फलंदाजाचे होई. ह्या खेळात क्षेत्ररक्षणास मैदानावरील सगळी मुले उभी असत, त्यामुळे उंच मारलेला चेंडू झेलला जाण्याची भीती असे आणि फलंदाजास चेंडू जमिनीलगत ठेवावा लागे. थकवा आला असतानाही एकाग्रता टिकविण्याची सवय त्यातून लागे. तेंडुलकर ह्यांनी अशा प्रकारे मिळविलेली तेरा नाणी आपल्या मौल्यवान ठेव्यांत जपून ठेवली.

(३) दुरून निरीक्षण : सामना चालू असताना ते मैदानाच्या कडेस अथवा झाडाआड उभे राहत व प्रत्येकाच्या चुका कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून घेत. सामना संपल्यावर त्यानुसार सूचना दिल्या जात. गुरू पाहत आहेत किंवा नाहीत, हे मुलांना कळत नसल्याने प्रत्येक चेंडू मनापासून खेळणे भाग पडे.

(४) मैदानाची कामे : खेळपट्टीवर पाणी मारणे, रोलर फिरविणे, जाळी बांधणे ही कामे मुलांना करावी लागत. खेळपट्टी कशी तयार होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ती कशी वागेल ह्याचाही अंदाज करता येतो.

(५) स्तुतीचा अभाव : शतक झळकाविणाऱ्या शिष्यासही ते शाबासकी देत नसत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर केलेल्या निरोपाच्या भाषणात तेंडुलकर ह्यांनी एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला ‘चांगला खेळलास’ असे कधी म्हटले नाही, ह्याचा उल्लेख केला. त्यांनी सांगितलेली आणखी एक आठवण प्रसिद्ध आहे. सरांनी ठरविलेला सरावाचा सामना टाळून ते एकदा वानखेडे स्टेडियमवर आपल्याच शाळेच्या मराठी व इंग्रजी माध्यमांच्या संघांतील अंतिम सामना पाहण्यास गेले. तेथे आचरेकरांची गाठ पडली. तू दुसऱ्यासाठी टाळ्या वाजविण्यास येण्याची गरज नाही, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवितील असे खेळ, अशा आशयाचे बोल त्यांनी एका थपडेसह सुनावले.

शारदाश्रम व शालेय क्रिकेट : मुंबईच्या क्रिकेटची मुळे तिच्या शालेय स्पर्धांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली हॅरिस शील्ड आणि तिच्यानंतरची लहान वयोगटासाठीची जाइल्स शील्ड ह्या स्पर्धांतून मुंबईच्या बहुतेक कसोटीपटूंची प्रथम ओळख झाली. आचरेकर हे दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघांचे प्रशिक्षक होते. होतकरू मुलाची शाळा क्रिकेटमध्ये मागे असेल, तर त्याने शारदाश्रमात प्रवेश घ्यावा, असा सल्ला ते पालकांना देत. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर ह्यांनी आपल्या अकरा वर्षांच्या भावास शिवाजी पार्कवर आणले, तेव्हा पहिल्या चाचणीत तो बावरल्यामुळे नीट खेळू शकला नाही. सरांनी क्षणभर दुसरीकडे गेल्याचे भासवून त्याची फलंदाजी दुरून पाहावी, अशी विनंती भावाने केली व त्यानंतर त्याला प्रवेश मिळाला. पुढे आचरेकरांच्याच सल्ल्यावरून त्याची शाळा बदलण्यात आली आणि मैदानाजवळ असावे म्हणून तो शिवाजी पार्कलगत राहणाऱ्या नातेवाइकांकडे राहू लागला. त्यानंतर पाच वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९८९ रोजी, तेंडुलकर ह्यांनी कराची येथे पहिला कसोटी सामना खेळला.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमाच्या तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) ह्यांनी सेंट झेवियर्स हायस्कूलविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. क्रिकेटच्या कोणत्याही प्रकारातील ती त्या वेळची सर्वांत मोठी भागीदारी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या एका शालेय सामन्यात ७२१ धावांच्या भागीदारीने हा विक्रम मोडला गेला. ह्या भागीदारीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुजुमदार हा होता. त्यास फलंदाजीची संधीच मिळाली नाही.

शिष्यपरंपरा : आचरेकरांच्या शिष्यांपैकी बलविंदरसिंग संधू ह्यांनी १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिज ह्यांचा त्रिफळा उडविला. लालचंद राजपूत व चंद्रकांत पंडित हे १९८० नंतरच्या दशकात भारताकडून खेळले. प्रवीण आमरे ह्यांनी १९९२ मध्ये दरबान येथे पदार्पणाच्या कसोटीतच शतक केले. कांबळी ह्यांनी १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतके काढली. अजित आगरकर ह्यांनी २००२ मध्ये लॉर्ड्‌सवर नाबाद १०९ धावा केल्या. समीर दिघे, संजय बांगर व रमेश पोवार हेही कसोटी सामने खेळले. तेंडुलकर ह्यांच्या नावावर २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा व ५१ शतके आहेत. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालून इतके कसोटीपटू निर्माण झाल्याची उदाहरणे भारतीय क्रिकेटमध्ये फार थोडी आहेत.

ह्या परंपरेची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. मुजुमदार ह्यांनी १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणात २६० धावा केल्या व नंतर दोन दशके प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळूनही त्यांना भारतीय संघात स्थान मिळाले नाही. आपल्या गुरूप्रमाणे ते प्रशिक्षणाकडे वळले आणि २०२५ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. पंडित ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई, विदर्भ (२०१७-१८ व २०१८-१९) व मध्य प्रदेश (२०२१-२२) ह्या संघांनी रणजी करंडक मिळविला. १९८८ च्या संघात बसून राहिलेल्या मुलाने आणि स्वतः एकच सामना खेळलेल्या गुरूने मिळविलेले यश पाहता खेळाडूची श्रेष्ठता व शिक्षकाची श्रेष्ठता ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात येते.

मूल्यमापन : आचरेकरांची पद्धत कठोर होती. मुलांच्या शिक्षणाचा व विश्रांतीचा मोठा वेळ तीत खर्ची पडे आणि शारीरिक शिक्षा हा त्या काळच्या गुरूचा अधिकार मानला जाई; आजच्या बालशिक्षणाच्या कल्पनांशी तो सुसंगत नाही. शिवाय उन्हाळी शिबिरात येणाऱ्या शेकडो मुलांपैकी कसोटीपर्यंत पोहोचलेली मुले अगदी थोडी. त्यांच्या यशावरून सगळ्या पद्धतीचे माप घेणे योग्य ठरणार नाही. तथापि एका गोष्टीबाबत मतभेद होण्याचे कारण नाही. आचरेकरांनी मुलांना तंत्राच्या ठरावीक साच्यात बसविण्याऐवजी खेळण्याची संधी शक्य तितक्या वेळा उपलब्ध करून दिली. तेंडुलकर व कांबळी, पंडित व आमरे ह्यांच्या फलंदाजीत शैलीचे साम्य फारसे दिसत नाही. साम्य आढळते ते धावांच्या भुकेत आणि खेळपट्टीवर ठाण मांडण्याच्या वृत्तीत. ज्याला उमेदीच्या वयात संधी क्वचितच मिळाली, त्याने संधी निर्माण करणे हेच आपल्या शिक्षणाचे मुख्य सूत्र बनवावे, ह्यात एक संगती आहे.

सन्मान व अखेर : क्रीडा-प्रशिक्षकांसाठी भारत सरकारने १९८५ मध्ये सुरू केलेला द्रोणाचार्य पुरस्कार आचरेकरांना १९९० साली मिळाला. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. त्याच वर्षी भारतीय संघाचे तत्कालीन प्रशिक्षक गॅरी कर्स्टन ह्यांच्या हस्ते त्यांचा जीवनगौरव पुरस्काराने सत्कार झाला. उत्तरायुष्यात प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे त्यांचे मैदानावर जाणे कमी झाले. गुरुपौर्णिमेस त्यांच्या दर्शनास जाण्याचा परिपाठ अनेक शिष्यांनी पाळला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर, जेथे त्यांनी आपले बहुतेक आयुष्य घालविले त्याच मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळ, त्यांच्या स्मारकाचे अनावरण तेंडुलकर ह्यांच्या उपस्थितीत झाले.

जन्मभूमीशी संबंध : आचरेकरांचे कार्य मुंबईत घडले, मालवणच्या किनाऱ्यावर त्यांनी क्रिकेटची शाळा काढली नाही. तेव्हा ‘मालवणचे सुपुत्र’ ह्या गौरवपर शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. मालवणने त्यांना खेळ दिला, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या परिस्थितीमुळे कोकणातील कुटुंबे मुंबईच्या चाळींत आली, तिचीच पुढची पायरी म्हणून ती मुले मुंबईच्या मैदानांवर उतरली. मुंबईच्या क्रिकेटचा ‘खडूस’पणा म्हणून ज्या गुणाचा उल्लेख केला जातो, म्हणजे हाती आलेली गोष्ट सहजासहजी न सोडण्याची वृत्ती, तीमागे अपुऱ्या साधनांत संसार करणाऱ्या अशा कुटुंबांची शिस्त असावी, असे मानण्यास जागा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिकेट हा खेळ चाकरमान्यांबरोबर उलट दिशेने कोकणात आला. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांत, कातळाच्या सपाटीवर आणि ओहोटीच्या वेळी वाळूत टेनिसच्या चेंडूने खेळले जाणारे सामने सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज सर्वत्र आढळतात. मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून आलेली मुले व गावची मुले ह्यांचे संघ होतात आणि वाडीवाडीच्या स्पर्धांना मोठी गर्दी लोटते. परंतु टेनिसच्या चेंडूचा खेळ व कठीण चेंडूचा खेळ ह्यांत पुष्कळ अंतर आहे. तयार खेळपट्टी, वर्षभर चालणाऱ्या आंतरशालेय स्पर्धा आणि मुलांच्या खेळावर नित्य लक्ष ठेवणारा प्रशिक्षक ह्यांच्या अभावी ते अंतर ओलांडणे कठीण असते. १९४० च्या दशकात मालवणच्या मुलास क्रिकेटसाठी मुंबई गाठावी लागली, ह्यामागेही हाच अभाव होता. आचरेकरांच्या चरित्रातून किनाऱ्यावरील शाळांनी घ्यावयाचा बोध ह्या संदर्भात सोपा आहे. एक मैदान, नाममात्र शुल्क, दररोज वेळेवर हजर राहणारा शिक्षक आणि भरपूर सामने एवढ्या सामग्रीवर त्यांनी आपले काम उभे केले.